प्रशिक्षणाचा हिशेब मागावर मांडा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी पर्यवेक्षक आहे. मध्यंतरी रेपिअर मागांचे, म्हणजे धोट्याविना चालणाऱ्या मागांचे, प्रशिक्षण झाले. शेवटी चहासोबत फॉर्म वाटले, सगळ्यांनी ‘उत्तम’वर खूण केली आणि अहवालात प्रशिक्षण यशस्वी ठरले. नंतर कामात काही बदलले का, हे पाहायला मागावर कोणी फिरकलेच नाही. बाणा (कापडातला आडवा धागा) तुटला की आजही तुटका धागा नीट न काढता घाईने माग चालू केला जातो, कापडावर आडवी पट्टी उठते आणि टॉवेल सेकंडमध्ये, म्हणजे कमी प्रतीच्या मालात, जातो.

अमेरिकेतील डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या: प्रतिक्रिया, शिकणे, कामातला बदल आणि परिणाम. आपण पहिलीवरच थांबतो. शिवाय शहराच्या पूर्व भागातल्या कितीतरी विणकरांची घरची भाषा तेलुगू. त्यांना इंग्रजी स्लाइड दाखवून काय उमगणार?

मालकांना कळकळीची विनंती आहे. प्रशिक्षणाआधी महिनाभराचा सेकंड मालाचा आकडा मागनिहाय लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा ताडून पाहा. कारण आमच्याकडे त्या मालाच्या नुकसानीची कपात कामगाराच्याच पगारातून होते.

– एक पर्यवेक्षक, सोलापूर