पर्चीवर एक ओळ जास्त लिहा ना डॉक्टर साहेब

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बीपी, शुगर, थायरॉइडच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असलेलं कोणी ना कोणी आता घरोघरी आहे, आमच्या रामबागेत तर विचारूच नका. पण तीच गोळी पुन्हा आणायची म्हटलं की एक मेडिकलवाला रिकामी स्ट्रिप बघूनच देतो, पर्चीचं नाव काढत नाही, आणि दुसरा म्हणतो पर्ची जुनी झाली काका, नवीन आणा. नवीन आणायची म्हणजे नंबर लावा, फीस भरा, बसून राहा आणि आत गेल्यावर डॉक्टर दोन शब्द बोलणार, "सेम कंटिन्यू".

आता गंमत अशी की नियमाप्रमाणे दुसराच बरोबर आहे. औषध नियम 1945 मधला नियम 65 सांगतो की डॉक्टरनी तसं लिहिलं नसेल तर पर्ची एकदाच चालते. पण किती वेळा किंवा किती दिवसांनी औषध द्यायचं हे पर्चीवर लिहिलं असेल तर तेवढ्या वेळा देता येतं, फक्त दर वेळी दुकानदारानी डॉक्टरच्या सहीच्या वर आपलं नाव-पत्ता आणि तारीख टाकायची. म्हणजे सगळा घोळ एका ओळीचा आहे, "ही औषधं 6 महिने दर महिन्याला द्यावी", आणि ती ओळ कोणी लिहीत नाही! माझी भाची इंग्लंडला असते, तिच्याकडे ॲपवरनं रिपीट औषध मागवलं की ठरवलेल्या फार्मसीत जाऊन घ्यायचं. मी ॲप मागतच नाहीये हो, पेन तर डॉक्टरांच्या हातातच असतं.

ॲंटिबायोटिक आणि झोपेच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम वगैरे शेड्यूल एच-1 मधे, म्हणजे जास्त कडक नियमांच्या औषधांच्या यादीत आहेत, दुकानदाराला पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव रजिस्टरमधे लिहून ते 3 वर्षं सांभाळावं लागतं, तेव्हा "अरे देऊन टाक ना, ओळखीचे आहोत" म्हणून त्याच्या मागे लागू नये.

बाकी आपणही गोळ्या संपल्यावर जागे होतो, ते चुकीचंच. आठ-दहा दिवसांच्या शिल्लक असतानाच पर्चीचा पूर्ण फोटो, सही-तारीख दिसेल असा, दुकानाच्या व्हॉट्सॲपवर टाकावा आणि खाली पॉवर लिहावी, कारण बीपीची टेल्मिसार्टन 40 पण असते नि 80 पण, थायरॉइडची 25, 50, 100, आणि डबे दिसायला सारखेच. घ्यायला गेलं की काउंटरवरच नाव, पॉवर, एक्सपायरी बघा, कापलेली स्ट्रिप देत असतील तर तारीख असलेला तुकडा मागा. लिहिलेला ब्रँड नसला की "सेम कंपोझिशन आहे" म्हणून दुसराच हातात ठेवतात, शेड्यूल एचच्या (म्हणजे पर्चीवरच द्यायच्या) औषधाला ते नियमात बसत नाही, आधी डॉक्टरला फोन करून विचारा. जनऔषधी केंद्रातनं स्वस्तात घ्यायचं असेल तर डॉक्टरकडनं जेनेरिक (ब्रँडच्या नव्हे, औषधाच्या मूळ) नावानीच लिहून घ्या. इन्सुलिनला मे महिन्यात थंड पिशवी न्यायचीच, कारण ते 2 ते 8 डिग्रीत राहायला हवं.

चालणं-फिरणं कठीण झालेल्यांसाठी 2020 च्या टेलिमेडिसिन गाइडलाइन्स आहेतच, जुना पेशंट असेल तर डॉक्टर फोनवर बोलून बरीचशी चालू औषधं पुन्हा लिहून सही केलेल्या पर्चीचा फोटो पाठवू शकतात. आपल्या इंदूरच्या डॉक्टर मंडळींनी लेटरपॅडवरच "पुन्हा द्यावे : ___ वेळा" असं छापून घेतलं तर लिहायचाही त्रास नाही, नुसता आकडा भरायचा.

एक ज्येष्ठ वाचक,
रामबाग, इंदूर