तेलातल्या लसणाची टिप छापलीत, आता पुढचंही छापा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात तुमच्या पुरवणीत एक किचन टिप आली होती, लसूण एकदाच सोलून बरणीत भरायचा, वर बुडेपर्यंत कच्चं तेल ओतायचं आणि बरणी ओट्यावरच ठेवायची, महिनाभर सोलायची कटकट नाही म्हणे. मी पण केलं, खोटं कशाला बोलू. सकाळी साडेसहाला डबे भरायचे असतात, त्यात नखं दुखेस्तोवर लसूण सोलत बसायला कुणाला आवडतंय! आठवडी बाजारातनं किलोभर लसूण आणला, रविवारी टीव्हीसमोर बसून सोलला, बरणी भरली, दिसायला एकदम झकास.

नवव्या दिवशी चमचा घातला तर खालनं बारीक बारीक बुडबुडे वर आले, सोड्याच्या बाटलीसारखे. वास घेतला तर लसणाचाच, दुसरा काही नाही, मी तर फोडणीत टाकायलाच निघालेली. पुतणी आलेली तेव्हा घरी, ती फूड टेक्नॉलॉजी करते, तिनं हातातनं चमचाच काढून घेतला.

तिचं म्हणणं असं, की लसूण मातीत वाढतो आणि मातीतल्या एका जंतूचे बीजाणू, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम असं लांबलचक नाव आहे त्याचं, ते पाकळीला चिकटलेले असू शकतात, धुतलं तरी सगळे जातीलच असं नाही. हवेत ते गप पडून असतात. पण तेलात बुडवलं की हवा बंद, लसणात ओल आहे, आंबटपणा म्हणावा तसा नाही, आणि आपल्या सांगलीत उन्हाळ्यात स्वयंपाकघर म्हणजे भट्टीच, मग ते वाढायला लागतात आणि विष तयार करतात ज्याला ना वास ना चव. माणसाला एकाचं दोन दिसायला लागतं, जीभ जड होते, गिळता येत नाही आणि पुढं श्वासच अडकतो. माझ्या बरणीत तेच होतं असं मी म्हणत नाही, साधं आंबलेलंही असेल, पण बुडबुडे आले नाहीत म्हणजे बरणी चांगली असंही नाही ना. कॅनडात व्हँकुव्हरला १९८५ साली एका हॉटेलात तेलातला चिरलेला लसूण फ्रिजबाहेर ठेवून वापरला आणि ३६ जणांना ही बाधा झाली.

हे शेजारच्या काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, मग आपली चटणी कशी टिकते गं वर्षभर? प्रश्न अगदी बरोबर आहे. पण आपल्याकडची कांदा लसूण चटणी आठवा, मिरची हातात घेतली की मोडेल इतकी वाळवलेली, कांदा उन्हात सुकवून तळलेला, खोबरं भाजलेलं, त्यात मीठ सढळ हातानं, मग डंकावर कुटून आणायची. ओल अशी राहतच नाही. आमच्या सासूबाई तर चटणीच्या बरणीला ओला हात लावला की दिवसभर बोलत नसत, तेव्हा मला राग यायचा, आता कळतंय. लोणच्यात लिंबाचा आंबटपणा आणि मीठ असतं. नुसत्या तेलात यातलं काय आहे? तेल फक्त हवा अडवतं, आणि त्या जंतूला तेच तर पाहिजे असतं.

सोलायचा त्रास कमी करायचा तर जुनी पद्धत काय वाईट आहे? पाकळ्या सुट्ट्या करायच्या, तेलाचा हात लावून तास-दोन तास उन्हात ठेवायच्या, मग सुपात घेऊन चोळायच्या आणि पाखडायच्या, निम्म्याहून जास्त सालं उडून जातात. सोललेला लसूण तेल न घालता कोरड्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवला तर चार-पाच दिवस मस्त जातो, जास्त असेल तर वाटून सरळ फ्रीजरला. सालीसकट अख्खे गड्डे मात्र टोपलीत हवेशीरच बरे, फ्रिजमध्ये कोंब लवकर येतात.

आणि खरी चव ऐन वेळी ठेचलेल्या लसणालाच, हे फक्त आमच्या पिढीचं कौतुक नाही. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो बघा, ठेचली की घरभर होतो, कारण पाकळीत ॲलिन एका कप्प्यात आणि त्याच्यावर काम करणारं एन्झाइम दुसऱ्या कप्प्यात असतं, ठेचल्यावर दोन्ही एकत्र येऊन ॲलिसिन बनतं आणि तोच तो झणका. अख्खी पाकळी कडकडीत तेलात टाकली की एन्झाइम आधीच मरतं. म्हणून मी आता लसूण पहिला ठेचून ठेवते, मग कांदा चिरायला घेते, तोवर पाच-दहा मिनिटं जातातच.

तर विनंती एवढीच, की टिप जिथं छापली त्याच जागी, तेवढ्याच अक्षरात, तेलातला कच्चा लसूण बाहेर ठेवू नका असं छापा. आमच्याच कॉलनीत अजून दोन घरी त्या बरण्या ओट्यावर आहेत. मी जाऊन सांगून आले. एकीनं लगेच ओतून टाकली, दुसरी म्हणाली, अहो पेपरात आलंय ते, तुम्ही कशाला घाबरवताय.

आपली,
एक नियमित वाचक
विश्रामबाग, सांगली