उरुशिबारांचे नाव का गाळले?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वेल्स आणि जपान यांच्या कलासंबंधांवरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. जपानी उद्योगपती मात्सुकाता यांच्या कलासंग्रहासाठी चित्रकार फ्रँक ब्रँगविन यांनी आखलेल्या, पण कधीच न बांधल्या गेलेल्या संग्रहालयावरचा मजकूर उत्तम आहे. पण एवढ्या लेखात जपानी ठसाकार योशिजिरो उरुशिबारा यांचे नाव एकदाही येऊ नये? सोबत छापलेले बेल्जियममधल्या ब्रुज शहराचे चित्र नुसते ‘ब्रँगविन यांचे वुडकट’ (लाकडी ठशाचे चित्र) कसे? रेखाटन त्यांचे. ते लाकडावर कोरले आणि कागदावर उतरवले उरुशिबारांनी.

1910 साली लंडनच्या जपान-ब्रिटिश प्रदर्शनासाठी आलेला हा कलावंत पुढे तीसेक वर्षे तिकडेच राहिला. जपानी रिवाजात कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा. उरुशिबारा दोन्ही कामे स्वतः करत. रंगागणिक वेगळा ठोकळा. कागद ओलसर करून, खुणेला खूण जुळवून प्रत्येक ठोकळ्यावर घासायचा. केसभर सरकला की मेहनत वाया. या जोडीच्या अनेक छापांवर खालच्या समासात दोघांच्याही पेन्सिलीने केलेल्या सह्या असतात. तुम्ही तो समासच कापलात. ब्रँगविन यांनी स्वतः वाटून घेतलेले श्रेय काढून घेण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

मला हे लागले, कारण माझे वडील छापखान्यांसाठी धातूचे ब्लॉक करायचे. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांचे तिरंगी ब्लॉक. ॲसिडने बोटांची कातडी सोललेली असे. अंक घरी आला की खिडकीशी नेऊन, भिंग लावून, लाल रंग रेषेबाहेर गेला नाही ना ते बघत. मग आतले पान उघडून नावे वाचत. चित्रकाराचे असे, मुद्रकाचे असे. त्यांचे एकाही अंकात आले नाही, आणि त्याबद्दल ते घरात कधी बोलले नाहीत.

आणखी एक. लेखात स्वान्सी शहर इंग्लंडमधले म्हटले आहे. ते इंग्लंडमध्ये नाही, वेल्समध्ये आहे. ब्रँगविन यांची आईही वेल्समधल्या ब्रेकनची. हाउस ऑफ लॉर्ड्सने 1930 साली नाकारलेली त्यांची 16 भव्य चित्रे स्वान्सीने आपल्या नव्या सभागृहात सन्मानाने लावली. ज्या लेखाचा विषयच वेल्स आहे, त्यात ही चूक संपादकीय नजरेतून सुटते कशी?

पुढच्या रविवारी ते चित्र समासासकट आणि दोन्ही नावांनिशी पुन्हा छापावे, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, कोल्हापूर