तांबी का काढली, तेही विचारा

महोदय,

जागतिक लोकसंख्या दिनानिमित्त आपल्या अंकात जिल्ह्याच्या कुटुंब नियोजनाचा तक्ता आला होता. शस्त्रक्रिया किती, तांबी (पाळणा लांबवण्यासाठी गर्भाशयात बसवतात ती कॉपर-टी) किती, 'अंतरा' ही गर्भनिरोधक इंजेक्शने किती, सगळे आकडे आहेत. तांबी बसवलेल्या किती जणींनी ती वर्षभर ठेवली आणि ज्यांनी काढली त्यांनी कशामुळे, हे मात्र त्यात नाही. मी उपकेंद्रात आरोग्य सेविका होते. आढावा बैठकीतही हे कोणी विचारायचे नाही. सरकारने 1996 साली लक्ष्यांची पद्धत, म्हणजे किती जणींना साधन द्यायचे हा आकडा वरून ठरवून देणे, बंद केली म्हणतात, पण "या महिन्यात किती झाल्या?" हा प्रश्न काही बंद झाला नाही.

वीस-बावीस वर्षांची मुलगी, पदरात एक लेकरू, दुसरे एवढ्यात नको. तिच्यासाठी तांबी खरोखर चांगली आहे. '380-ए' प्रकारची तांबी दहा वर्षे चालते, तिच्यात हार्मोन नाही, काढली की लगेच दिवस जाऊ शकतात. पण पहिले तीन ते सहा महिने पाळीत अंगावरून जास्त जाते, पोटात कळा येतात. हे आधी सांगितले तर मुलगी धीर धरते, दुखण्यावरची गोळी घेते, बहुतेकींचा त्रास कमीही होतो. न सांगता बसवली तर पहिल्याच पाळीत घाबरते. त्यात सासू म्हणते, "तांबी काळजात चढते." प्रसूतीनंतर 48 तासांच्या आत बसवलेल्या तांबीचे तर विचारू नका. कळा देत असताना घेतलेल्या होकाराला मी होकार मानत नाही. घरी गेल्यावर "मला काय बसवलंय?" म्हणून विचारायला आलेल्या बाया मी पाहिल्या आहेत.

मग ती काढायला येते आणि तिथे तिची अडवणूक होते. "अजून थोडे दिवस बघ", "नवऱ्याला घेऊन ये", "डॉक्टर नाहीत". दोरा धरून काढण्याचे काम काही मिनिटांचे, तेवढ्यासाठी तिला तीन खेपा. अशी एक मुलगी परत पाठवली की तिच्या गल्लीत पुढची पाच वर्षे तांबीचे नाव निघत नाही. उलट जिची मागताक्षणी, न रागावता काढून दिली, ती दोन वर्षांनी आपल्या जावेला घेऊन येते. 1965 साली लूप (तांबीच्या आधीचे, गर्भाशयात बसवायचे प्लॅस्टिकचे साधन) आली तेव्हाही हेच घडले. शिबिरे भरवून बसवल्या, रक्तस्रावाची विचारपूस कोणी केली नाही आणि अफवांनी ती योजना बुडवली.

'अंतरा'चे दुखणे वेगळे. दर तीन महिन्यांनी डोस. आमच्याकडच्या मुली दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. कोणी सांगलीकडे, कोणी थेट कर्नाटकात. पुढच्या डोसची तारीख फडात येते. चार आठवड्यांपर्यंत उशीर चालतो, पण तेवढ्यात ती गावी येत नसते, आणि तिथल्या केंद्रात "तुमच्या गावीच घ्या" ऐकून परत फिरते. शिवाय पाळी अनियमित होते, कधी थांबते, आणि इंजेक्शन सोडल्यावर दिवस जायला काही महिने जास्त लागतात, हे सांगितलेले नसले की वांझपणाच्या भीतीने दुसरा डोस टळतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) देशात विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्के शस्त्रक्रियेवर आहेत, तांबीवर 2.1 आणि इंजेक्शनवर 0.6. (पुरुष नसबंदी 0.3. त्यावर काय बोलायचे!) दोन लेकरे झाली की पंचविशीच्या आत ऑपरेशन, ही आमच्याकडची रीत. अधल्यामधल्या साधनांवर भरवसाच नसल्यावर दुसरे काय होणार? बिनलग्नाच्या मुलींना तर उपकेंद्रात पाऊल टाकण्याचीच चोरी. गर्भनिरोधक साधन निकामी ठरून दिवस गेले तर गर्भपातासाठी असलेली लग्नाची अट कायद्याने 2021 मध्ये काढली, पण आमच्या टेबलावर पहिला प्रश्न अजून "मालक काय करतात?" हाच.

सरकारी दवाखान्यात प्रसूतीनंतर तांबी बसली की आशाताईंना 150 रुपये मिळतात. ते मिळावेत, त्यांचे कष्ट मोठे आहेत. पण सहा आठवड्यांनी घरी जाऊन विचारपूस केल्याचेही पैसे द्यावेत. काढण्याचे कारण नोंदवावे आणि बैठकीत ते वाचून दाखवावे. कारखान्यांच्या परिसरातील आरोग्य केंद्रांना गाळप हंगामात 'अंतरा'चा जादा साठा द्यावा आणि डोसच्या नोंदीचे कोणत्याही गावचे कार्ड चालेल असे लेखी कळवावे. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना यातले काय शक्य आहे, हे आपल्या वार्ताहराने विचारून छापावे, ही विनंती.

– एक निवृत्त आरोग्य सेविका, बीड जिल्हा