खाडाखोड थांबेल, पण चुकीच्या नोंदीचे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्मार्ट सिटीच्या चर्चेत ‘ब्लॉकचेन’ हा शब्द हल्ली वरचेवर कानावर पडतो. माझ्यासारख्या निवृत्त लेखापालाला त्याचे फारसे नवल वाटत नाही. आमची रोजकीर्द बांधीव वहीत असे, पानांवर छापील क्रमांक. नोंद चुकली तर व्हाइटनर चालत नसे. आडवी रेघ मारून सही करायची किंवा चूक रद्द करणारी उलट नोंद टाकायची. पान फाडले तर क्रमांकच चुगली करी. ब्लॉकचेन ही अशीच संगणकावरची वही, पानांची साखळी. तिच्या प्रत्येक पानावर आधीच्या पानाच्या मजकुरावरून काढलेला सांकेतिक ठसाही असतो आणि वहीच्या प्रती अनेकांकडे असतात. मागे एक अक्षर बदलले, तरी पुढचे ठसे जुळत नाहीत.

याचा उपयोग आहेच. गडचिरोलीतल्या एटापल्लीत २०२२ मध्ये ६५ हजार जातीचे दाखले अशा पद्धतीने देण्याचे काम हाती घेतले गेले, ते बनावट दाखले चटकन ओळखता यावेत म्हणून.

पण मूळ नोंदच चुकीची असेल तर? माझ्या घरपट्टीच्या बिलावर ५६ चौरस मीटरचे ६५ झाले आहेत. मोजणीला आलेला मुलगा जिन्यातच उभा राहून आकडे भरून गेला होता. दोन वर्षे अर्ज घेऊन खेटे घालतोय. खिडकीवरच्या बाई स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणतात, “काका, सिस्टीममध्ये असंच आहे.” उद्या ही नोंद साखळीत गेली की हेच उत्तर आणखी ठामपणे मिळेल! म्हणून उलट नोंद कोणाच्या सहीने आणि किती दिवसांत होणार, हे आधी ठरवा. यंत्रणेची खरेदी मग करा.

दुसरे, नागरिकांची माहिती जशीच्या तशी साखळीत घालू नये. २००७ च्या सायबर हल्ल्यांतून शहाण्या झालेल्या एस्टोनियाने नोंदी मूळ दप्तरातच ठेवल्या, साखळीत फक्त त्यांचे ठसे. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क आहे. न पुसता येणाऱ्या वहीत तो बजावायचा कसा?

आणि प्रती कोणाकडे? केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये ‘विश्वस्य’ ही ब्लॉकचेन यंत्रणा आणली. ती भुवनेश्वर, पुणे आणि हैदराबाद इथल्या डेटा केंद्रांत आहे. तिन्ही डेटा केंद्रे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी) या एकाच सरकारी संस्थेची. गावे तीन, पण कपाटाची किल्ली एकाच घरात, असा हा प्रकार. शहरांचे दप्तर यावर चढवायचे असेल, तर एक प्रत महालेखापालांकडे आणि एक एखाद्या विद्यापीठाकडे ठेवायला काय हरकत आहे?

आपला,
एक निवृत्त लेखापाल