फ्रिजवर राहिलेली बुचं

प्रिय सोनू,
अनेक आशीर्वाद.

तुझी कानातली, आवाज अडवणारी बुचं फ्रिजवर राहिली. निळ्या डबीत, लाइटबिलाखाली. त्याच बिलाच्या मागे तू तुझ्या स्वप्नातल्या बँडची यादी लिहिली होतीस आणि खाली ‘आता बोल’ असं लिहून दोनदा रेघ मारली होतीस. बस साडेनऊची, तू साडेसातलाच बॅग उचललीस, म्हणून बोलायचं राहिलं. आता बोलते. बुचं सोबत पाठवते आहे. त्यांच्याबद्दल या पत्रात एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवलंय. फक्त यादी.

गायक क्वीन बँडचा फ्रेडी मर्क्युरी. वादच नाही. पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला, तिथे ‘द हेक्टिक्स’ नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो बडवणारा पोरगा. त्याला आपण सातारा जिल्ह्याच्या कोट्यातून घेऊ. पण तो नुसता उभा राहून गाणारा नाही, पियानोवर बसणारा आहे. म्हणजे डीप पर्पलच्या जॉन लॉर्डच्या हॅमंड ऑर्गनशेजारी आणखी एक कीबोर्ड आला आणि मधल्या सप्तकात आत्ताच दाटी झाली.

लॉर्डच्या बाबतीत मात्र तू घोटाळा केलायस. ‘हॅमंड अमेरिकेतून आणू, ट्रान्सफॉर्मर लावू.’ अरे, ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. जुन्या हॅमंडमध्ये दातेरी चकत्या फिरतात आणि त्या फिरवणारी मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालते. तिकडे 60 हर्ट्झ, आपल्याकडे 50. इथे लावलास की मोटर सावकाश फिरणार आणि अख्खा ऑर्गन तीन अर्धस्वरांहून किंचित जास्त खाली बसणार. त्या किंचितमध्येच सगळी मेख आहे. नेमके तीन असते तर लॉर्डने तीन पट्ट्या वर सरकून वाजवलं असतं. हा तर कुठल्याच पट्टीत बसत नाही. फ्रिक्वेन्सी बदलणारा कन्व्हर्टर घे, नाहीतर युरोपात विकलेला 50 हर्ट्झचा ऑर्गन शोध. आणि हॅमंडला कान पिळून सुरात आणता येत नाही, बाकीच्यांनी त्याच्या सुरात यायचं असतं. तुझा गिटारवाला जिमी हेंड्रिक्स बऱ्याचदा गिटार अर्धा स्वर उतरवून लावायचा. मग बेस कुणाप्रमाणे उतरवायचा, की नाही उतरवायचा, हे पहिल्या तालमीच्या आधी ठरवा. बाक आणि पायातल्या पट्ट्या धरून त्या ऑर्गनचं वजन दोनशे किलोच्या आसपास भरतं, तेव्हा नंदूमामाच्या रिक्षाचा विचार सोडून दे.

आता खरी गोष्ट. लॉर्ड हा ऑर्गन मार्शलच्या गिटार अँपमधून फाडून वाजवायचा. हेंड्रिक्स मार्शल अँपच्या भिंतीसमोर उभा. आणि बेसवर तू घेतलास द हू बँडचा जॉन एंटविसल! त्याने 1966 च्या सुमाराला तारा बनवणाऱ्या रोटोसाउंड कंपनीबरोबर बसून गोल वेटोळ्याच्या तारा घडवून घेतल्या, पियानोसारखा खणखणीत बेस वाजावा म्हणून. म्हणजे त्याचा बेस खाली राहतच नाही, वर गिटारच्या आवारात घुसतो. द हूमध्ये ते शोभलं, कारण त्यांचा गिटारवाला पीट टाउनशेंड भरीव कॉर्ड धरायचा आणि मधली जागा एंटविसलला मोकळी असायची. तुझ्या बँडमध्ये तीनशे ते तीन हजार हर्ट्झच्या बोळात फाटकी गिटार, फाटका ऑर्गन, खणखणीत बेस, पियानो आणि त्यात मर्क्युरीचा गळा. कुणालाच स्वतःचं ऐकू येणार नाही. मग प्रत्येक जण आपापला आवाज वाढवणार. याच द हूची 1976 साली लंडनच्या चार्ल्टनच्या मैदानावर 32 मीटरवरून 126 डेसिबल अशी नोंद झाली आणि गिनेसच्या पुस्तकात गेली. लोक अजून ते कौतुकाने सांगतात.

कानाला 85 डेसिबल आठ तास चालतात. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ अर्धा. 94 ला एक तास, 100 ला पंधरा मिनिटं. तुमची तालीम तीन तासांची आणि खोली दहा बाय दहाची, फरशी टाइल्सची. हे तुला पाठ आहे. मी गणिताच्या बाईंसारखी पाढे म्हणायला लागले, सॉरी. यादीकडे वळते.

बेसवर मी जेमर्सनला बसवते. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा जेम्स जेमर्सन, रॉकवाला नाही म्हणून नाक मुरडू नकोस. फेंडरचा प्रिसिजन बेस, जाड चपट्या तारा, त्या तो तुटेपर्यंत बदलायचा नाही. बेसच्या ब्रिजवरच्या झाकणाखाली स्पंज, आणि उजव्या हाताचं एकच बोट. तार दबकी वाजते, लगेच विझते, वरचं सगळं गिटारला मोकळं सोडते. आणि तरी त्याचा बेस गुणगुणता येतो.

ड्रम्सवर वॉट्स. रोलिंग स्टोन्सचा चार्ली वॉट्स स्नेअर ड्रम मारताना उजवा हात हाय-हॅटच्या जोडथाळ्यांवरून उचलायचा. आठ ठोक्यांतला तिसरा आणि सातवा हाय-हॅटवर पडतच नाही, तिथे स्नेअर एकटा वाजतो. त्यामुळे तो जोरात न मारता जोरात वाटतो. सावकाश, साठच्या लयीत करून बघ. पहिले दोन दिवस उजवा हात ऐकणार नाही. तुझा हाय-हॅट तुझ्या डाव्या कानापासून हातभर अंतरावर असतो, तेव्हा तेवढे दोन ठोके तरी—

बघ. पुन्हा तिथेच आले. मला मान्य आहे, मी यादी आवाजाच्या भीतीने बनवतेय, बँड म्हणून नाही. वॉट्स आणि जेमर्सनच्या मागे हेंड्रिक्स म्हणजे लग्नाच्या पंगतीत भालाफेक. तुझा लेड झेपेलिनचा बॉनहॅमच ठेव. 26 इंची किक ड्रमवर दुसरं कोण शोभणार.

पण बॉनहॅमबद्दल एक ऐक, हे मात्र ऐकच. लेड झेपेलिनच्या 1971 च्या त्या रेकॉर्डवरच्या ज्या ड्रम्सच्या आवाजासाठी तू गच्चीवरच्या खोलीत पत्रे बडवलेस, तो आवाज मनगटातून आलेला नाही. हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घराच्या दिवाणखान्याबाहेर, जिन्याच्या तळाशी ड्रम्स मांडले आणि जिन्यात वरून दोनच माइक सोडले. ड्रमच्या तोंडाशी माइक नव्हता. मोठा वाटतो तो जिना. दहा बाय दहाच्या खोलीत दुप्पट जोराने मारलंस तरी जिना येणार नाही, फक्त सिम्बलच्या थाळ्यांचा आवाज भिंतीवरून परत तुझ्यावर येईल.

तेव्हा खोलीचं एवढं करा. ड्रम्स कोपऱ्यात नको, आणि पाठीमागे गाद्या उभ्या करा. आजीच्या दोन गोधड्या पाठवते, त्या टांगा, पण भिंतीला चिकटवून नाही, वीतभर सोडून. तुमच्या गिटारवाल्याचा अँप जमिनीवर असतो ना? त्याच्या पोटऱ्यांना ऐकू येतं आणि समोर बसलेल्या तुझ्या कानात खिळा जातो. अँपच्या पुढच्या कडेखाली दोन विटा घालून तोंड वर करायला सांग, त्याच्या स्वतःच्या कानावर आला की तो आपणहून कमी करेल. सांगून कुणी कमी करत नाही. गायकाचा स्पीकर माइकच्या पाठीमागे ठेवा, शिट्टी मारणार नाही. आणि गायक ऐकू येत नसेल तर त्याला वाढवू नका, बाकीच्यांना उतरवा. तालमीचा आवाज ड्रमर ठरवतो. तू ज्या जोरात मारशील, बाकीचे तिथपर्यंत चढणार.

एसी/डीसीच्या ब्रायन जॉन्सनला 2016 साली दौरा चालू असताना थांबावं लागलं. डॉक्टर म्हणाले, आता नाही थांबलास तर पूर्ण बहिरा होशील. टाउनशेंडच्या कानात वर्षानुवर्षं शिट्टी आहे आणि तो दोष देतो स्टुडिओतल्या हेडफोनना. तू रात्री हेडफोन लावून झोपतोस. मी काही म्हणत नाही. आपण सगळे बाबांच्या उजव्या बाजूला बसून जेवतो, हे तुला सांगायला नको.

त्या दिवशी दारात मी जे बोलले ते बोलायला नको होतं. ‘ड्रम्स वाजवून बहिरा होणार’ असं नव्हतं म्हणायचं. गेल्या महिन्यातल्या कार्यक्रमात तुमचा गायक दुसरं कडवं विसरला आणि तू चार मात्रा नुसत्या हाय-हॅटवर थांबवून त्याला आत घेतलंस. बाबा मिक्सरवर होते, त्यांनी माझ्याकडे बघितलं. घरी कुणीच काही बोललं नाही, तुला माहीत आहे आपलं घर. मी तेव्हाही विचारलं ते बुचांचंच.

डबीत दोन जोड आहेत. पिवळे फोमचे फक्त अडचणीला. ते वरचे सूर जास्त खातात, म्हणून सिम्बल मेल्यासारखे वाटतात आणि तुम्ही पोरं ते काढून ठेवता. बोटात बारीक वळायचे, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर-मागे ओढायचा, घालून तीस सेकंद धरायचं. दुसरे तुझ्या मापाचे, 15 डेसिबलचं फिल्टर बसवलेले. ते सगळे सूर सारखेच उतरवतात. धुताना फिल्टर आधी काढ, त्यात पाणी गेलं की संपलं. लाडू वेगळ्या डब्यात आहेत, गोधड्यांमध्ये गुंडाळलेत, फुटले असतील.

बेसवर एंटविसल की जेमर्सन ते कळव. आणि आजीला तू म्हणालास ती कानातली शिट्टी (हो, तिने मला सांगितलं, तिच्यावर चिडू नकोस) अजून येते का? एक दिवस उलटूनही गेली नसेल तर डॉक्टरकडे जा. आणि एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं तर त्याच दिवशी, कार्यक्रम असला तरी. त्यावरच्या औषधाला एकेक दिवस मोलाचा असतो.

तुझी,
आई

ता. क. बिल भरलं. यादीचा फोटो काढून ठेवलाय.