लवचीक प्रकाशसंवेदक: फोटोशेजारी दोन आकडेही छापा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

कार्बनी (सेंद्रिय) रेणूंपासून बनवलेल्या, अंगावर लावून प्रकाशाने नाडी आणि रक्तातला ऑक्सिजन मोजण्यासाठीच्या लवचीक प्रकाशसंवेदकांची बातमी आली की सोबत बोटाभोवती गुंडाळलेल्या फिल्मचा फोटो असतोच. तो पाहून अभियांत्रिकीची मुले प्रकल्प घेतात आणि फिल्म किती वाकते हे मोजण्यात सत्र संपते. खरे घोडे अडते ते वेगळ्याच ठिकाणी. अंधारात संवेदकातून किती प्रवाह गळतो आणि दमट हवेत तो किती दिवस टिकतो, हे दोन आकडे बातमीत जवळजवळ कधीच नसतात.

वाकण्याचा हिशेब तसा सोपा आहे. फिल्मच्या जाडीला वळणाच्या त्रिज्येच्या दुपटीने भागले की बाहेरचा पृष्ठभाग किती ताणला जातो ते कळते. १२५ मायक्रॉनची पीईटी (पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक) फिल्म ५ मिलिमीटर त्रिज्येत वळवली तर १.२५ टक्के. तिच्यावरचा आयटीओचा (इंडियम-टिन ऑक्साइडचा) पारदर्शक, विद्युतवाहक थर ठिसूळ असतो, एक-दोन टक्क्यांतच तडकतो. टोकियो विद्यापीठातील ताकाओ सोमेया यांच्या गटाने २०१६ मध्ये अख्खी रचनाच सुमारे ३ मायक्रॉन जाडीची केली आणि नाजूक थर मधोमध ठेवले, कारण वाकताना मधला भाग ताणलाही जात नाही आणि दाबलाही जात नाही. थोडक्यात, वाकण्यावर उपाय माहीत आहे.

गळती मात्र पिच्छा सोडत नाही. सेंद्रिय पदार्थावर प्रकाश पडला की सुटा इलेक्ट्रॉन मिळत नाही. इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) यांची घट्ट जोडी मिळते आणि ती जेमतेम १० नॅनोमीटर सरकून विरते. म्हणून इलेक्ट्रॉन देणारा आणि घेणारा असे दोन पदार्थ एकत्र कालवावे लागतात. शिकण्यासाठी नेहमीचे मिश्रण पी-थ्री-एचटी (इलेक्ट्रॉन देणारे पॉलिमर) आणि पीसीबीएम (इलेक्ट्रॉन घेणारे संयुग) यांचे: प्रत्येकी २० मिलिग्रॅम, १ मिलिलिटर डायक्लोरोबेंझिनमध्ये, ५०-६० अंशांवर रात्रभर ढवळून. स्पिन कोटरवरून (गरगर फिरवून द्रावणाचा पातळ थर पसरवणाऱ्या यंत्रावरून) उतरवलेली ओली फिल्म नारिंगी दिसते. तिच्यावर लगेच पेट्री डिशचे झाकण ठेवावे. सावकाश वाळताना जांभळट रंग कडेकडून आत सरकत येतो. रेणू नीट रचले गेल्याची ती खूण. घाईने वाळवलेली फिल्म तांबूसच राहते आणि प्रवाहही कमी देते.

हा थर साधारण २०० नॅनोमीटरचा. त्यात १ मायक्रॉनचा धुळीचा कण बसला की वरचा आणि खालचा इलेक्ट्रोड थेट जोडले जातात. म्हणून द्रावण ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळणे आणि पीईटीवरचे संरक्षक प्लास्टिक कोटिंगच्या अगदी आधी काढणे, एवढ्यानेही बराच फरक पडतो. थर ४०० नॅनोमीटरपर्यंत जाड केला तर गळती घटते, पण विद्युतभार बाहेर खेचणे कठीण होते. त्यातला मध्य ज्याचा त्याने शोधायचा. तापवतानाही जपावे लागते. काचेवर १५० अंश चालतात. साधी पीईटी तेवढ्यात आकसते, तिला १०० ते ११० पुरेत, तेही काचेवर चारही कडांनी उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप लावून.

गळती काळ्या डबीत, उलट दिशेने २ व्होल्ट देऊन, प्रवाह स्थिरावल्यावर मोजावी. चौरस सेंटिमीटरला १ नॅनोअँपिअर म्हणजे चांगले काम. १ मायक्रोअँपिअर आला तर नाडीचा बारीक चढउतार त्यात बुडालाच. कित्येक जण या गळतीवरूनच संवेदनशीलता गणिताने काढतात. तो आकडा फुगलेला असतो, कारण नाडीच्या एक-दोन हर्ट्‌झला कमी वारंवारतेचा गोंगाट सर्वाधिक असतो. गोंगाट प्रत्यक्ष मोजलाच पाहिजे. आणखी एक फसगत: जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. संवेदकाचे सेकंदाला ९९ वेळा मोजमाप घेतले तर पडद्यावर ६० ठोक्यांची सुरेख नाडी उमटते, बोट नसतानाही!

आता पावसाळा. साध्या पीईटीतून दिवसाला चौरस मीटरमागे काही ग्रॅम बाष्प आत जाते. इथे ते निदान हजारपट कमी हवे. आयटीओवर दिला जाणारा पेडॉट-पीएसएस या विद्युतवाहक पॉलिमरचा थर आम्लधर्मी आणि पाणी ओढणारा, तो खालचा आयटीओ खातो. वरचा ॲल्युमिनियमचा इलेक्ट्रोड कडांपासून गंजत आत येतो. कोकणातल्या जुलैत उघडा नमुना ठेवणे म्हणजे तो गमावणेच. रचना उलटी करावी: खाली झिंक ऑक्साइड, वर मॉलिब्डेनम ऑक्साइड आणि चांदी. बाष्परोधक फिल्म दोन्ही बाजूंनी लावावी आणि चिकटपट्टी कडेला ५ मिलिमीटर तरी रुंद ठेवावी. बाष्प शिरते ते मुख्यतः कडेच्या गोंदातूनच.

राहिला ऑक्सिमीटर. बाजारातले यंत्र ६६० (लाल) आणि ९४० (अवरक्त) नॅनोमीटरचा प्रकाश वापरते. पी-थ्री-एचटी ६५० च्या पुढे जवळजवळ आंधळे. शिवाय अवरक्त प्रकाश देणारे सेंद्रिय दिवे हवेत टिकत नाहीत, म्हणून अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाच्या गटाने २०१४ मध्ये अवरक्त सोडून हिरवा ५३२ आणि लाल ६२६ निवडला. पण मेलॅनिन लालपेक्षा हिरवा प्रकाश जास्त शोषते. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या अमेरिकेतील अभ्यासात, नेहमीच्या ऑक्सिमीटरवर ९२ ते ९६ दिसत असताना रक्तातली खरी पातळी ८८ च्या खाली असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के होते, गोऱ्यांत ३.६ टक्के. आपल्याकडे गव्हाळपासून गडद सावळ्यापर्यंत सगळे वर्ण एकाच वॉर्डात असतात. तेव्हा अशा मनगटी पट्टीची बातमी करताना तिची चाचणी कोणत्या वर्णाच्या किती माणसांवर झाली, हे आपल्या बातमीदाराने जरूर विचारावे.

आपला नम्र,
पदार्थविज्ञानाचा एक अध्यापक, पुणे